चिकटवलेली चार पानं

(नागपुरातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त शालेय ग्रंथपालांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, एवढ्या उन्हात तुम्ही सीताबर्डीपर्यंत आलात, आभार. आधी एक सांगा. शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात कादंबरी लपवून कोणी कोणी वाचली? हात वर करा. (हशा) बघा, पुढच्या रांगेतल्या दोन मुख्याध्यापकांचेही हात वर आहेत!

आपल्याकडे शाळेत पुस्तकावर बंदी घातल्याचा कागद निघत नाही. पुस्तक कपाटात जातं आणि किल्ली कोणाच्या तरी खिशात. मी ज्या शाळेत होतो, तिथं एक किशोर कादंबरी आली होती. कापूस पिकवणारं घर, कर्ज, आणि एके दिवशी बाप औषध पितो. 'औषध' म्हटलं की विदर्भात काय समजायचं, हे इथं कोणाला सांगायला नको. आठवीतला मुलगा ही गोष्ट सांगतो. एका पालकांनी तक्रार केली, की मुलांच्या मनावर परिणाम होईल. पुस्तक कोणीच पूर्ण वाचलेलं नव्हतं. तडजोड अशी निघाली, की 'ती' चार पानं चिकटवायची. डिंकाची बाटली माझ्याच टेबलावर होती आणि पानं मीच चिकटवली. नोकरी होती, असं आजही स्वतःला सांगतो, पण ते पुरत नाही.

दोन महिन्यांनी नववीतल्या एका मुलीनं ते पुस्तक परत केलं. यवतमाळकडची, इथं मावशीकडं राहून शिकणारी. चारही पानं सुटलेली होती, कडा जरा लाटेसारख्या झालेल्या. मी विचारलं तर म्हणाली, "चहाच्या गंजावर धरलं जी सर. वाफेनं सुटते डिंक." मी काही बोलायच्या आत तिनंच पुढं सांगितलं, "त्या पानात तसं काहीच नव्हतं. त्याची आई भांडे घासते अन् तो इचार करते, की फवारणीचा डबा आपण लपवला असता तर बाबा राहिले असते." थोडं थांबून म्हणाली, "मलेबी तसंच वाटे सर. मले वाटे, मले एकटीलेच वाटते."

तिच्या वडिलांबद्दल शाळेत कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. तिच्यासारख्या मुलीला 'परिणामा'पासून वाचवायला निघालेलो आम्ही, नेमकी तीच चार पानं बंद करून बसलो होतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ला कुटुंबासह जीवन संपवलं. आता त्यांच्या आठवणीत १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात. वर्तमानपत्रात या बातम्या मुलं रोज वाचतात. तिथं आकडा असतो, गावाचं नाव असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात काय होतं, ते कादंबरीत असतं.

आणखी एक सांगतो, दीक्षाभूमीच्या या शहरात सांगायलाच हवं. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४मध्ये त्यांच्या बाजूनं न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांना एवढी कामं असताना... हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. मुख्य मुद्दा तर राहिलाच, आता भराभर सांगतो.

पहिलं, पालकांची भीती खोटी नाही. २०१०मध्ये ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या त्याच त्या बातम्या वारंवार छापल्या की आत्महत्या वाढलेल्या दिसल्या. मनात तसे विचार येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांबद्दल छापलं की कमी झालेल्या दिसल्या. अभ्यास बातम्यांचा होता, कादंबऱ्यांचा नाही. तरी एवढं घ्यायला हरकत नाही, की विषय कोणता यापेक्षा तो कसा मांडलाय हे बघावं लागतं आणि त्यासाठी पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागतं.

दुसरं, आपल्या मुलानं काय वाचावं हे पालकांनी जरूर ठरवावं. पण एका पालकानं चारशे मुलांचं ठरवू नये. अमेरिकेत आयलंड ट्रीज नावाच्या ठिकाणी शाळा मंडळानं ग्रंथालयातून पुस्तकं काढली, विद्यार्थी न्यायालयात गेले. १९८२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात विद्यार्थ्यांची बाजू सरस ठरली. केवळ विचार आवडत नाहीत म्हणून पुस्तक काढता येणार नाही, असं मुख्य निकालपत्रात म्हटलं. कौल एकमुखी नव्हता, तो कायदा आपला नाही, पण प्रश्न आपलाच आहे.

तिसरं. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२चा. वर्गात आपण मुलांना 'नकोसा स्पर्श' शिकवतो, घडलं तर बोला म्हणतो. आणि ज्या कादंबरीतली मुलगी बोलते, ती कपाटात.

माझं मागणं छोटं आहे. तक्रार लेखी घ्या. तक्रार करणाऱ्यानं आणि निर्णय करणाऱ्यांनी पुस्तक पूर्ण वाचावं. निर्णय होईपर्यंत ते शेल्फवरच राहू द्या. आणि जड विषयाचं पुस्तक नेणाऱ्या मुलाला परत करताना दोन मिनिटं बसवून घ्या, काय वाटलं ते विचारा. मी तेव्हा योगायोगानं विचारलं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतील. त्याआधी मी त्या जुन्या शाळेत जाणार आहे, कपाट उघडा म्हणायला. सोबत कोणाला यायचं असेल, त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहा.