निवडलेला दावीद आणि भावांचा डबा

सगळ्यांना सलाम. विषय पाळकसाहेबांनी दिलाय, 'देवाने निवडलेले लोक आणि त्यांचं रोजचं जगणं'. ह्यात कॅल्विन, म्हणजे देवाच्या निवडीवर लिहिणारा जुना धर्मसुधारक, येणार, असं मी मघाशी पुढच्या बाकावर सांगून बसलोय, तेव्हा तो येईलच. पण आधी माझी एक जुनी तक्रार काढतो, कारण माईक माझ्या हातात आहे आणि चहा अजून उकळायचाय.

तक्रार आपल्या साक्षीच्या सभांबद्दल, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगतात त्या. एक जण उभा राहतो, देवाने मला निवडलं, माझा कॅनडाचा व्हिसा झाला. हालेलुया. दुसरा उठतो, कॉर्नरचा प्लॉट मिळाला, देवाचीच निवड. हालेलुया. आता आभार मानू नका असं मी म्हणत नाहीये, जरूर माना. पण त्याच बाकावर तिसरा बसलेला असतो, त्याचा व्हिसा रिजेक्ट झालेला, तो हालेलुया कसा म्हणतो ते कधी बघितलंय? ओठातल्या ओठात. त्याला काय देवाने वगळलं? आणि एकदा तर मी घाटातल्या अपघाताची साक्ष ऐकली, गाडीतले बाकीचे गेले, 'पण मला देवाने निवडून ठेवलं' असं म्हणून तो भाऊ खाली बसला. अरे बाबा, ठेवलं ते कशासाठी, ते सांग ना, साक्ष तर तिथून सुरू होते!

म्हणून मला दावीद आवडतो. गोफणीने गल्याथ राक्षसाला पाडणारा नाही, त्याच्या आधीचा. बायबलातला 1 शमुवेल 16 सगळ्यांना पाठ आहे, संडे स्कूलमध्ये फ्लॅनेलच्या बोर्डावर चित्रं चिकटवून झालंय. देवाने नवा राजा निवडायला शमुवेल संदेष्ट्याला दावीदाच्या बापाकडे, इशायाकडे पाठवलं, त्याचे सात मुलगे शमुवेलापुढून गेले, थोरला अलियाब चांगला उंचापुरा, शमुवेलालासुद्धा वाटलं हाच तो. (आपल्याकडे स्थळ बघायला जातात तेव्हा असंच होतं, असो.) धाकटा मेंढरांमागे, त्याला कोणी बोलवलंसुद्धा नव्हतं. मग तो आला, डोक्यावर तेल ओतलं, राजा म्हणून निवड झाली. आपण इथे पुस्तक मिटतो. पण पुढे वाचा हो! दुसऱ्या दिवशी सिंहासन नाही, बंगला नाही, तो परत मेंढरांकडे. तेव्हाचा राजा शौल इशायाला निरोप पाठवतो तोसुद्धा 'मेंढरं राखणाऱ्या तुझ्या मुलाला पाठव' असाच. आणि 17व्या अध्यायात बाप त्याला काय सांगतो? भावांना रणावर डबा पोचव. भाजलेलं धान्य, दहा भाकरी, वर सरदारासाठी पनीरचे दहा तुकडे. डोक्यावर अभिषेक झालेला राजा आणि हातात भावांचा डबा! बरं, डबा घेऊन गेला तर अलियाब खेकसतो, ती चार मेंढरं कोणाच्या गळ्यात घालून आलास? त्याला काय माहीत, 20वं वचन सांगतं की दावीद मेंढरं राखणदाराकडे सोपवून मगच निघाला होता. देवाने निवडलं म्हणून त्याने एक दिवस ड्युटी चुकवली नाही. मला गोफणीपेक्षा ते वचन मोठं वाटतं, आणि त्यावर मी कधी प्रवचन ऐकलेलं नाही, पाळकसाहेब हसतायत, त्यांच्याबद्दल नाही म्हणत.

हं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर कॅल्विन. 16वं शतक, जिनिव्हा, देवाने जग करण्याआधीच काहींना तारणासाठी निवडलं आणि काहींना नाही, अशी त्याची मांडणी, मग 1618-19 मध्ये डॉर्टला सिनड, म्हणजे चर्चची मोठी सभा भरली, ही मांडणी न पटणाऱ्या आर्मिनियसच्या लोकांशी वाद झाला, ते सगळं पुढच्या वेळी. मला एवढंच म्हणायचंय की कोण आत आणि कोण बाहेर ह्याचा हिशोब करायला आपल्याला कोणी बसवलेलं नाही. अनुवाद 7 मध्ये मोशे स्पष्ट सांगतो, तुम्ही संख्येने जास्त म्हणून निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होतात. आमोस 3:2 त्याहून कडक, तुम्हालाच निवडलं म्हणून जाबसुद्धा तुम्हालाच विचारीन. आणि कलस्सै 3:12, निवडलेल्यांनी करुणा, नम्रता, सहनशीलता अंगावर घालावी, पुढचंच वचन गाऱ्हाणं असेल तर क्षमा करा, हे आपल्या चर्चच्या पंचकमिटीच्या निवडणुकीनंतर मोठ्याने वाचायचं.

आता शेवटचं, हे राहायला नको. पंडिता रमाबाई. त्यांच्या तरुणपणी दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण गेली, त्या आणि भाऊ वाचले. त्या घाटातल्या भावासारखंच झालं ना? बाप्तिस्मा नंतरचा, 1883चा. मग 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई पुण्यातनं उठून तिकडे गेली, भूक म्हणजे काय ते माहीत होतं म्हणून, आणि शेकडो मुली-बायकांना आणून केडगावला जेवू घातलं, शिकवलं, हाताला काम दिलं. मुक्ती मिशन आजही तिथे आहे. तरुण संघाची सहल महाबळेश्वरला ठरतेय असं कानावर आलंय, पण पुणे-दौंड गाडीने केडगाव अगदी जवळ आहे, सेक्रेटरीसाहेब, तेवढं बघा.