धुक्यातला दिवा कोणत्या रंगाचा असावा?

अध्यक्ष महोदय आणि उपस्थित मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'मोटारीवरील रंगीत फॉग लॅम्प आणि कायदा' असा छापला आहे. कायद्याकडे मी येणारच आहे. परंतु ज्या संध्याकाळी हा विषय माझ्या मनात घर करून बसला ती आधी सांगितली नाही, तर नियमांतील त्या कोरड्या ओळी कशासाठी लिहिल्या आहेत हे नीट उमगणार नाही.

तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात पत्नीसह मी ताम्हिणी घाटाने माणगावकडे उतरत होतो. पावसाळ्यातला ताम्हिणी कसा असतो हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. दृश्यता १,००० मीटरच्या खाली गेली की हवामान विभाग त्याला धुके म्हणतो. त्या संध्याकाळी मला बॉनेटच्या पुढे रस्त्याकडेचे दोन पांढरे दगड दिसत होते आणि तिसरा दिसत नव्हता. काचा खाली करून, पुढून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकत, मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवत होतो. एका डाव्या वळणावर अगदी नाकासमोर, जमिनीलगत, दोन लाल दिवे उमटले. लाल दिवे म्हणजे गाडीची पाठ, हे आपण इतक्या लहानपणी शिकलेलो असतो की त्याचा विचारही करावा लागत नाही. पुढची गाडी बंद पडून माझ्याच बाजूला उभी आहे, असे समजून तिला वळसा घालण्यासाठी मी स्टिअरिंग उजवीकडे घेतले.

ती गाडी उभी नव्हती आणि तिची पाठही माझ्याकडे नव्हती. ती घाट चढत समोरून येत होती. डाव्या वळणावर समोरून येणारी गाडी आपल्याला सरळ नाकासमोरच दिसते, आणि मी नेमका तिच्याच बाजूला शिरलो होतो. पत्नी ओरडली, मी स्टिअरिंग उलट फिरवले आणि आमची डावी दोन्ही चाके रस्त्याकडेच्या चरात गेली. डावीकडे डोंगर होता, दरी नव्हती, म्हणून आज मी तुमच्यापुढे उभा आहे.

समोरच्या गाडीतून पंचविशीचा एक मुलगा उतरला. तो घाबरला होता, पण पळाला नाही. चाकाखाली दगड लावायला, गाडी ढकलायला तोच पुढे होता. ते काम चालू असताना मी त्याच्या गाडीसमोर वाकून पाहिले. बंपरमधल्या दोन्ही फॉग लॅम्पच्या काचांवर लाल फिल्म चिकटवलेली होती, एका कोपऱ्यात ती सुटून आत पाण्याचा फुगा धरला होता. हेडलाइट बंद होते. का बंद केलेस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "काका, ते लावले की पुढे पांढरी भिंतच उभी राहते." आणि फिल्मबद्दल म्हणाला, "दुकानदार म्हणाला, रंगीत दिव्यानं धुकं कापलं जातं. फॉग लॅम्पला कोणताही रंग चालतो ना?"

त्या मुलाला दोष द्यायला माझे मन आजही तयार होत नाही. त्याने फिल्म सुरक्षिततेसाठी म्हणून पैसे मोजून लावून घेतली होती. पुण्यात परतल्यावर मी स्वतः दोन-तीन दुकाने फिरलो. लाल, निळ्या, हिरव्या फिल्मचे गुंडाळे दर्शनी भागात टांगलेले होते आणि प्रत्येक ठिकाणी धुके कापण्याचे तेच वाक्य मला ऐकवण्यात आले. हे ऐकून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

कारण रंगाने धुके कापले जात नाही. आकाश निळे दिसते ते हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात आणि निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून. धुक्याचा थेंब मात्र साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दहा-वीस पट असतो. तो सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतो. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो त्याच्या जागेमुळे आणि झोताच्या आकारामुळे. तो खाली बसवलेला असतो, त्याचा झोत रुंद व चपटा असतो आणि वरच्या बाजूला धारदार रेषेत कापलेला असतो, म्हणून डोळ्यांसमोरचे थेंब उजळत नाहीत आणि रस्त्याची कड दिसते. त्या मुलाला दिसलेली पांढरी भिंत ही वर गेलेल्या झोताने उजळलेल्या थेंबांचीच होती. पिवळ्या दिव्याची कीर्ती जुनी आहे. फ्रान्सने १९३६च्या कायद्याने मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे केले आणि ती सक्ती १९९३पर्यंत टिकवली. पिवळ्यात निळा भाग गाळलेला असल्याने काहींच्या डोळ्यांना तो सौम्य वाटतो, एवढे मी मान्य करतो. लाल फिल्म मात्र दिव्याचा बहुतेक प्रकाश स्वतःच गिळते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्या हाती आली आहे, तेव्हा जो विषय कबूल केला होता तो आता भराभर सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ सांगतो की कोणत्याही वाहनाने पुढे लाल प्रकाश दाखवू नये आणि मागे लालखेरीज दुसरा दाखवू नये; मागच्या बाजूला नंबरप्लेटचा दिवा, रिव्हर्सचा पांढरा दिवा, पिवळसर इंडिकेटर असे मोजके अपवाद आहेत. माझ्या वळणावर मोडला गेला तो हाच नियम. मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवासुद्धा १ मे २०१७पासून गेला. लाल-निळा-पांढरा बहुरंगी दिवा अग्निशमन, पोलीस आणि आपत्ती-निवारणाच्या कामावरील वाहनांपुरता राखलेला आहे.

फॉग लॅम्पचा रंग वाहनांवरील दिव्यांसाठीच्या एआयएस-००८ या मानकात ठरवलेला आहे, आणि हे मानक आपल्या पुण्यातील वेताळ टेकडीवरील एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था प्रकाशित करते. पुढचे फॉग लॅम्प दोन असावेत आणि ते पांढरे किंवा 'सिलेक्टिव्ह यलो' या ठरावीक पिवळ्या छटेचे असावेत; मागचा फॉग लॅम्प लालच असावा. निळा, हिरवा, जांभळा यांना पुढे जागा नाही. मान्यता काच, परावर्तक आणि बल्ब अशा संपूर्ण दिव्याला मिळते, त्यामुळे वरून चिकटवलेली फिल्म, पिवळी असली तरी, त्या मान्यतेत बसत नाही. नियम १०६ समोरच्याचे डोळे दिपवणारा झोत नाकारतो, आणि त्यासाठी दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, १.५ मीटर उंचीवर असलेला डोळा प्रमाण धरतो. नियम १११ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय पुढे स्पॉटलाइट लावता येत नाही. परवानगी नसलेला सुटा भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मागच्या फॉग लॅम्पविषयी एकच सांगतो. तो जवळजवळ ब्रेकच्या दिव्याइतका प्रखर असतो, म्हणून धुके सरताच बंद करावा. अन्यथा मागच्याला आपण सतत ब्रेक दाबून आहोत असे वाटते. तो एकच असेल तर आपल्याकडे उजव्या बाजूला असतो. माझी गाडी आवारात फाटकाजवळच उभी आहे. आपल्या गाडीत त्याचा खटका कुठे असतो हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर तिकडे यावे, मी तो लावून दाखवतो.