आत्या, मावशी आणि ‘आंट’

[दृश्य : शाळेच्या ग्रंथालयातलं कपाट. कॅमेरा पुस्तकांच्या कण्यांवरून हळू सरकतो.]

निवेदन : कोरियन भाषेत वडिलांची बहीण ‘गोमो’, आईची बहीण ‘इमो’. आपली आत्या आणि मावशीच. इंग्रजीत मात्र दोघी ‘आंट’. अमेरिकेत वाढणाऱ्या कोरियन मुलीची गोष्ट इंग्रजीत लिहायला घेतली, की पहिल्याच पानावर हा पेच पडतो. लेखकाने कुठला शब्द ठेवला, यावरून मुलगी कोणाला उद्देशून बोलतेय ते कळतं.

किशोरवयीन वाचकांसाठीच्या अशा पुस्तकांना तिकडे ‘यंग ॲडल्ट’ म्हणतात. नायक १४ ते १८ वर्षांचा, कथन बहुधा प्रथमपुरुषी, लांबी साधारण ६० ते ८० हजार शब्द, आणि गोष्ट बऱ्याचदा एका शालेय वर्षात मावणारी. साचा तयार आहे. त्यात आशियाई आडनाव टाकलं की झालं, असं समजणाऱ्यांची पुस्तकं दहाव्या पानावर ओळखू येतात.

[दृश्य : एका कादंबरीचं पहिलं पान, मग मधलं, मग शेवटचं.]

आन ना यांची ‘अ स्टेप फ्रॉम हेवन’. २००२ साली तिला किशोरसाहित्याचा प्रिंट्झ पुरस्कार मिळाला. नायिका यंग जू चार वर्षांची असताना कोरियातून कॅलिफोर्नियात येते. सुरुवातीची वाक्यं त्या वयाची, तुटक. ती मोठी होते तशी वाक्यंही वाढत जातात. वय वेगळं सांगावं लागत नाही.

आता एक बारीक चूक. आईच्या तोंडचा शब्द तिरक्या टायपात छापायचा आणि पुढे स्वल्पविराम देऊन त्याचा अर्थ. दिसायला निरुपद्रवी. पण गोष्ट मुलगी स्वतः सांगतेय. तिला तिच्याच घरातला शब्द परका कसा वाटेल? तिरका टाईप काढायचा, आणि अर्थ कृतीतून कळू द्यायचा.

[दृश्य : टेबलावर पाकिटं, सरकारी पत्रं. एक लहान बोट ओळीवरून फिरतं.]

या कादंबऱ्यांतला सगळ्यात कसदार प्रसंग दुभाषेपणाचा. घरमालकाची नोटीस, बँकेचं पत्र, शाळेतली पालकसभा. इंग्रजी फक्त मुलीला येतं, म्हणून बारा वर्षांच्या पोरीला घराचा कर्ता व्हावं लागतं. लिहिताना गफलत अशी होते, की शिक्षिका जे म्हणाली तेच आईला सांगताना पुन्हा लिहिलं जातं. संवाद दुप्पट होतो, ताण निम्मा. भाषांतर जिथे बदलतं तेवढंच लिहावं आणि फरक ऐकू येऊ द्यावा. शिक्षिका म्हणते, ‘ती वर्गात लक्ष देत नाही.’ मुलगी आईला सांगते, ‘बाई म्हणतात, मी शांत असते.’ आई खूश होऊन मान हलवते. शिक्षिकेला वाटतं, आईने तक्रार मान्य केली.

हाच प्रसंग आजच्या दवाखान्यात मांडताना जपून. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना अल्पवयीन मुलांकडून दुभाषाचं काम करून घ्यायला २०१६पासून नियमाने मनाई आहे. तातडीची वेळ तेवढी वगळली आहे. म्हणजे दुभाषा का आला नाही, हे कथेत यायला हवं.

[दृश्य : जुने पासपोर्ट. विमानतळावरचे शिक्के.]

दुसरी गफलत सालांची. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्याने मूळ देश पाहून ठरवलेला जुना कोटा गेला, आणि नातेवाइकांबरोबरच शिकलेल्या व्यावसायिकांनाही दार उघडलं. एकाच पद्धतीचे डॉक्टर-इंजिनिअर आईबाप कादंबऱ्यांत इतके दिसतात, त्याचं एक मूळ इथे आहे. व्हिएतनाममधलं साइगॉन पडल्यावर १९७५मध्ये निघालेल्यांची गोष्ट निराळी. आणि २०२४मध्ये १६ वर्षांच्या असलेल्या मुलीची आई तेव्हा फार तर लहान मूल असेल. तरुण बाई म्हणून बोटीत बसली ती आजी. ही साधी वजाबाकी चुकलेली हस्तलिखितं असतात.

साल नीट बसवलं की काय होतं, ते मलिंडा लो यांच्या ‘लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब’मध्ये दिसतं. २०२१चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालेलं पुस्तक. १९५४, सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन. लिली हू एका मुलीच्या प्रेमात पडते. इकडे कम्युनिस्टांच्या शोधात असलेले एफबीआयचे लोक तिच्या वडिलांचे नागरिकत्वाचे कागद काढून घेतात. अशा घरात मुलीचं गुपित फुटलं, तर बदनामीवर थोडंच भागणार?

डब्याचा प्रसंग तर सगळ्यांना पाठ आहे. डबा उघडतो, वर्ग नाक मुरडतो, शेवटी तीच मुलं तो पदार्थ मागतात. पदार्थ आवडला म्हणून माणूस आवडला असं होत नाही, म्हणून तो शेवट पोकळ वाटतो.

[दृश्य : रिकामी बस. खिडकीशी एक मुलगा.]

भारतीय मुलांच्या वाट्याला कायद्याने एक वेगळीच वयोमर्यादा आली आहे. आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मुलाचा आश्रित दर्जा २१व्या वर्षी संपतो. कुटुंबाचं ग्रीन कार्ड रांगेत, आणि भारतात जन्मलेल्यांची ती रांग फार लांब. शेवटच्या प्रकरणात टपालाने कार्ड येतं, असं लिहिलं की ती रांग माहीत असलेला वाचक पुस्तक मिटतो. हाताशी खरा प्रसंग आहे: मुलगा विद्यार्थी व्हिसाचा अर्ज भरतोय. त्यासाठी मायदेशी आपलं घर आहे आणि तिथे परतायचा इरादा आहे, हे दाखवावं लागतं. चौथ्या वर्षी सोडलेल्या शहरात त्याचं म्हणावं असं एवढंच आहे : मामाच्या फ्लॅटमधला एक दिवाण. अर्जात तो मामासाठी ‘अंकल’ लिहितो.