मुंगीच्या जबड्यातला धोटा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय वर्षावनातल्या कीटकांच्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे काढलेल्या, फोटोंबद्दल. कॅमेऱ्याची बटणं तुम्हाला ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. एक गोष्ट मात्र पक्की धरा: कीटकाचा डोळा स्पष्ट आला पाहिजे. बाकीचं अंग धूसर राहिलं तरी चालेल, डोळा नाही.

वर्षावनात वरच्या पानांवर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम एक-दोन टक्के जमिनीपर्यंत पोचतं. त्यामुळे भर दुपारीही फ्लॅश लागतो आणि फ्लॅशपुढे डिफ्यूझर, म्हणजे झोत मऊ करणारा पडदा, लागतोच. नाहीतर भुंग्याच्या चकचकीत पाठीवर नुसता पांढरा डाग उमटतो. कॅमेरा गार खोलीतून थेट बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. बंद बॅगेतच त्याला बाहेरची हवा सोसू द्या.

आता बोर्निओच्या जंगलातली गोष्ट सांगते. वाटेकडेला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, विणकर मुंग्या घरटं बांधत होत्या. दोन पानांच्या कडा जवळ आणायला त्यांनी एकमेकींच्या कमरा जबड्यात धरून साखळ्या केल्या होत्या. पान ताणलं जायचं, सुटायचं, पुन्हा ताणलं जायचं. शेवटी कडा जुळल्या. मग आतून एक मुंगी आली, तिच्या तोंडात काहीतरी पांढरं होतं. मला वाटलं अंडं असेल. लेन्समधून पाहिलं तर ती अळी होती, त्यांचीच! मुंगीने मिशांनी पानाची कड चाचपली, अळीचं तोंड तिथे टेकवलं, मग पलीकडच्या कडेला नेलं, परत अलीकडे आणलं. मागावरचा धोटा फिरावा तसं. अळीच्या तोंडातून रेशीम निघत होतं आणि पानं शिवली जात होती. वाढ झालेल्या मुंग्यांना रेशीम काढता येतच नाही. ते फक्त अळ्यांकडे असतं, आणि या अळ्या ते घरट्यासाठी खर्च करतात, स्वतःभोवती कोष विणत नाहीत. मी श्वास धरून फोटो काढत राहिले. एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर कीटक खऱ्या मापाचा उमटतो तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक केलं तरी सव्वा मिलिमीटरच्या आसपासच खोली स्पष्ट येते, आणि मुंगी सात-आठ मिलिमीटरची. म्हणून पुन्हा सांगते, डोळा धरा. मुंगीचा डोळा आणि अळीचं तोंड एका पातळीत येईल असा कॅमेरा वळवला, तेव्हा कुठे ते रेशीम दिसलं.

काही जण कीटक फ्रिजमध्ये गारठवून फोटो काढतात. मला ते मुळीच मान्य नाही. आखडलेले पाय लगेच ओळखू येतात, आणि गारठलेली मुंगी काही शिवणार नाही! जिवंत कीटक पाहायला सबुरी लागते. इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स १८४८ पासून अकरा वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात राहिला, तेव्हा कुठे १८६२ साली एक फुलपाखरू दुसऱ्याची नक्कल कशी करतं याबद्दल लिहू शकला. माझं तर स्पष्ट मत आहे, मुलांच्या हातात कॅमेऱ्याआधी भिंग द्यावं.

विणकर मुंग्यांजवळ जाताना बाह्यांची बटणं लावा. त्या चावतात आणि चावल्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतात. फ्लॅशची शक्ती कमी ठेवा, म्हणजे झोत क्षणार्धाहून लहान होतो आणि पळती मुंगीही थिजलेली येते. घरट्याचं पान हाताने बाजूला सारू नका, तुम्हीच जागा बदला. आणि फोकस डोळ्यावर. नमस्कार.