खोडदला भरलेली शाळा

[दृश्य: नारायणगाव ते खोडद रस्ता, बांधापलीकडे डिश]

जुन्नर तालुका, पुणे जिल्हा. नारायणगाव मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा, टोमॅटो, कांदा. आणि पिकांच्या पलीकडे एकदम ही डिश दिसते. व्यास ४५ मीटर. अशा ३० डिश या परिसरात आहेत. त्यांतल्या १४ खोडदजवळ साधारण एका चौरस किलोमीटरात, बाकीच्या १६ तीन दिशांना पांगलेल्या. टोकापासून टोकापर्यंत जवळपास २५ किलोमीटर. सगळ्या मिळून आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी एकच दुर्बीण. नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. सगळे म्हणतात जीएमआरटी.

[दृश्य: टेम्पो, एसटी, उतरणारी मुलं]

आज २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला. टेम्पोतून आधी मॉडेल उतरतात, मग मुलं. पुठ्ठा, सलाईनच्या नळ्या, जुन्या पंख्याची मोटर. रात्री चिकटवलेलं काहीतरी वाटेत निखळलेलं असतं. ते तिथेच, जमिनीवर बसून, पुन्हा जोडलं जातं.

विज्ञान दिनाला इथे शाळांचं प्रदर्शन भरतं. या मुलीकडे पाहा. समोर एक शेतकरी आजोबा उभे आहेत. ती त्यांना ओलावा मोजणारं यंत्र दाखवते आहे. आजोबा विचारतात, "बाळा, माझ्या काळ्या रानात चालंल का हे?" ती थांबते. मग म्हणते, "आजोबा, आम्ही लाल मातीत करून पाहिलं. काळ्या मातीत करून बघावं लागंल." इतकं नेमकं उत्तर वर्गात क्वचितच निघतं, कारण तिथे असा प्रश्न विचारायला आजोबा नसतात.

[दृश्य: डिशखाली मुलांचा घोळका, कॅमेरा खालून वर]

आता जरा वर बघा. या डिशमध्ये पत्रा नाही. आहे ती स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी. तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. जाळीचं घर मध्यभागी एक सेंटिमीटरचं, कडेला दोन सेंटिमीटरचं. ही जाळी ताणून धरलीय दोरखंडांसारख्या तारांनी. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. हलका म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून एकाच्या जागी तीस उभ्या राहिल्या. ही रचना आपल्या देशात, आपल्या अभियंत्यांनी केली.

"सर, जाळीतून लहरी निसटत नाहीत का?" प्रश्न आठवीतल्या मुलाचा आहे. उत्तर देणारे सर इथेच काम करतात. ते मुलालाच विचारतात, "गव्हाच्या चाळणीतून भोपळा पडेल का?" इथे पकडायच्या लहरी २१ सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत लांब. जाळीचं घर त्यापुढे फारच लहान. लहरीला ती जाळी आरशासारखीच. मुलगा वर बघतो, बोटांनी सेंटिमीटर मोजतो.

[दृश्य: जुनी छायाचित्रं]

या दुर्बिणीमागचे शास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात शिकत होते. तिथे सहा फूट व्यासाच्या ३२ छोट्या डिश निकालात निघणार होत्या. स्वरूपांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. १९६५ मध्ये त्या उभ्या राहिल्या आपल्या कल्याणला, आणि सूर्याचा वेध घेऊ लागल्या. देशातल्या रेडिओ खगोलशास्त्राची पहिली मोठी पायरी ती. पुढे १९७० मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. उतार निवडला तो मुद्दाम, त्या जागेच्या अक्षांशाइतका, म्हणजे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो. भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश असा कामाला लागतो, हे मुलांना कुणीतरी सांगायलाच हवं. उटीनंतर खोडद.

मोडीत निघालेल्या वस्तूंतून सुरुवात झाली, ही गोष्ट पंख्याची मोटर घेऊन आलेल्या पोरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

[दृश्य: मोबाईल बंद करणारे शिक्षक, नियंत्रण कक्ष]

इथे फोन बंद ठेवायचे. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की खिशातला मोबाईल त्याला सहज झाकून टाकतो. २०२३ मध्ये याच दुर्बिणीने टिपलेल्या एका दूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या खुणेची, म्हणजे त्या वायूतून निघालेल्या रेडिओ लहरीची, बातमी आली. ती लहर तिथून निघाली त्याला सुमारे ८८० कोटी वर्षं झाली होती. नियंत्रण कक्षात पडद्यासमोर उभ्या मुलांचे हे चेहरे.

परत गेल्यावर अहवाल लिहायचा असतो, काही जण पुढे विज्ञान शाखा धरतात.

[दृश्य: दुपार, स्टॉलपुढची रांग]

आमचं म्हणणं मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना आहे. सहलीच्या पैशातून किल्ला बघा, समुद्र बघा, पण एक दिवस अशा जागी न्या जिथे माणसं खरोखर शोध लावतायत आणि मुलांना त्यांना प्रश्न विचारता येतात. विज्ञान दिनाचं प्रदर्शन सगळ्यांना खुलं असतं. एरवी यायचं तर आगाऊ परवानगीचं पत्र पाठवावं लागतं. पत्र वर्गातल्या मुलांकडूनच लिहून घ्या, आणि सोबत त्यांचे प्रश्नही पाठवा.