थायरॉइडचा कर्करोग: प्रकार, धोके आणि ऑपरेशननंतर

नमस्कार मंडळी. थायरॉइडची रोज सकाळी गोळी घेणाऱ्या कितीतरी जणी या सभागृहात असतील, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी कमी काम करत असणं, तिला चालना देणारा टीएसएच हा हार्मोन रक्तात वाढलेला असणं, हा कर्करोग नव्हे आणि त्याची सुरुवातही नव्हे. उलट ज्यांना थायरॉइडचा कर्करोग असतो, त्यांतल्या बहुतेकांचा टीएसएच अगदी नॉर्मल येतो. म्हणून गळ्याला गाठ लागत असेल, तर रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. गाठीची सोनोग्राफी करावी लागते आणि त्यात संशय वाटला तर सुईची तपासणी, म्हणजे गाठीतल्या पेशी सुईने काढून पाहणं. लगेच हेही सांगतो, की शंभरातल्या नव्वदहून अधिक गाठी कर्करोगाच्या नसतात.

राहिलेल्यांचं काय? तिथे पहिला प्रश्न विचारा: प्रकार कोणता? डॉक्टर 'कॅन्सर' म्हणाले की घरचे लोक पुढचं काही ऐकतच नाहीत. पण या एका ग्रंथीत इतके वेगळे आजार होतात, की एकाचा माणूस ऐंशी वर्षं जगतो आणि दुसऱ्याचा काही महिन्यांत जातो.

सगळ्यात जास्त आढळतो तो पॅपिलरी, दहापैकी साधारण आठ रुग्णांत. तो मानेतल्या लसिकाग्रंथींत, म्हणजे अवधाणात, लवकर उतरतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण तरुण रुग्णाच्या आयुष्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. वयाला इथे इतकं महत्त्व आहे, की 55 वर्षांखालच्या रुग्णाचा आजार फुप्फुसात गेला तरी त्याची गणना दुसऱ्या टप्प्यातच होते. दुसऱ्या कुठल्याही अवयवाच्या कर्करोगात असं ऐकायला मिळत नाही.

दुसरा फॉलिक्युलर. हा रक्तातून हाडांत आणि फुप्फुसांत जातो. याची पंचाईत अशी, की सुईच्या तपासणीत तो साध्या गाठीसारखाच दिसतो. पेशी सारख्याच असतात. फरक असतो तो गाठीचं आवरण किंवा त्यातल्या रक्तवाहिन्या फोडून पेशी बाहेर पडल्यात का, एवढाच. ते कळायला अख्खी गाठ काढून तपासावी लागते. म्हणून 'आधी ठरवा, मग कापा' असं नातेवाईक रागावून म्हणतात, तेव्हा मी त्यांना आवरणाचं चित्र काढून दाखवतो.

तिसरा मेड्युलरी, शंभरात तीन-चार जणांना होणारा. याच्यापाशी मी मुद्दाम थांबतो, कारण यात आजार एका माणसाचा राहत नाही. साधारण चौथ्या हिश्श्यात तो आरईटी नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे घराण्यातून येतो. रुग्ण सापडला की त्या जनुकाची तपासणी व्हायलाच हवी आणि बिघाड निघाला तर भावंडांची, मुलांचीही. ज्या मुलात तो सापडतो, त्याची ग्रंथी कर्करोग होण्याआधीच काढता येते, म्हणजे तो आजार त्याला गाठतच नाही. या घराण्यांत मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतही गाठ असू शकते; ती न तपासता भूल दिली, तर टेबलावरच रक्तदाब जीवघेणा चढतो.

चौथा ॲनाप्लास्टिक. दुर्मिळ, बहुधा साठीनंतरचा, आठवड्यांत वाढणारा. त्याच्यापुढे आम्ही फार काळ हतबल होतो. 2018 साली बीआरएएफ जनुकातला ठरावीक बदल असलेल्या रुग्णांसाठी दोन गोळ्यांच्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हापासून काही जणांना तरी जास्त दिवस मिळू लागले. म्हाताऱ्या माणसाची जुनी गाठ अचानक वाढली, आवाज बसला, तर पुढच्या महिन्याची वेळ घेऊ नका.

हा आजार बायकांना पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतो. याचं समाधानकारक उत्तर अजून कुणापाशी नाही. ज्याचं उत्तर पक्कं आहे, असं कारण म्हणजे लहानपणी गळ्याला झालेला किरणोत्सर्ग. एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्राची भट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गायींनी ते खाल्लं, दुधातून ते मुलांच्या पोटात गेलं. 2005 पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागात, अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखालच्या असलेल्या सहा हजारांहून अधिक जणांना थायरॉइडचा कर्करोग झाल्याची नोंद आहे. त्यांतले तोवर 15 दगावले. शेजारच्या पोलंडने काही दिवसांतच सुमारे एक कोटी मुलांना साधं आयोडीन पाजलं, म्हणजे ग्रंथी त्यानेच आधी भरलेली राहावी आणि किरणोत्सारी आयोडीन तिने ओढून घेऊ नये. चेर्नोबिलजवळच्या त्या दुधावर वेळीच बंदी आली असती तर कितीतरी मुलं या आजारापासून वाचली असती, हे वाचताना मला आजही चीड येते.

आता उलट बाजू. दक्षिण कोरियात 1999 नंतर तपासणी शिबिरांबरोबर गळ्याची सोनोग्राफी स्वस्तात मिळू लागली. 2011 मध्ये नोंदींचं प्रमाण 1993 च्या पंधरा पट झालं, पण मृत्यू होते तितकेच राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी जन्मात त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारोंच्या ग्रंथी निघाल्या. जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयाने 1993 पासून एक सेंटिमीटरखालच्या, धोक्याची चिन्हं नसलेल्या गाठी न कापता नुसत्या नजरेखाली ठेवल्या; दहा वर्षांत दहातल्या एकीचीही लक्षणीय वाढ झाली नाही. आपल्याकडे 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये काहीही तक्रार नसताना गळ्याची सोनोग्राफी घालतात, ते मला मान्य नाही.

ऑपरेशनकडे वळू. स्वित्झर्लंडच्या बर्नमधले थिओडोर कोखर यांनी हे ऑपरेशन सुरक्षित केलं, 1909 चं नोबेल त्यांना मिळालं. पण पूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे रुग्ण पुढे सुजले, मंद झाले, हे 1883 मध्ये त्यांनीच जाहीर केलं. आज ती उणीव रोजची एक गोळी भरून काढते. चार सेंटिमीटरपर्यंतच्या, ग्रंथीबाहेर न पसरलेल्या गाठीला अर्धी ग्रंथी काढूनही पुष्कळदा भागतं. हा पर्याय आहे का, ते आधी विचारा.

दोन धोके समजून घ्या. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राची नस जाते. तिला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो, पुष्कळदा काही आठवड्यांत सुधारतो. दुसरा, मसुराच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचा. त्यांचा रक्तपुरवठा दुखावला की कॅल्शियम उतरतं: ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातात पेटके येतात. घरी गेल्यावर असं झालं तर सकाळपर्यंत थांबू नका. अनुभवी हातांत दोन्ही कायमचे त्रास मोजक्याच रुग्णांना होतात. म्हणून सर्जनला निःसंकोच विचारा, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

पॅपिलरी आणि फॉलिक्युलरमध्ये काहींना नंतर, उरलेल्या पेशी मारायला, किरणोत्सारी आयोडीन देतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर हे काम कित्येक दशकं करतंय. डोसआधी एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्री मासे बंद. कोकणातल्या रुग्णांना हे जड जातं, पण ग्रंथीच्या पेशी उपाशी असल्या तरच औषध ओढून घेतात. नंतर निदान सहा महिने गर्भधारणा नको. कमी धोक्याच्या रुग्णाला हा डोस लागतोच असं नाही.

थायरॉइडची रोजची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांनी थायरोग्लोब्युलिनची, म्हणजे थायरॉइडच्याच पेशी बनवतात त्या प्रथिनाची, रक्ततपासणी आणि गळ्याची सोनोग्राफी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करत राहावी. हा आजार पंधरा-वीस वर्षांनीही डोकं वर काढतो, आणि तेव्हाही बहुतेक वेळा त्यावर उपचार करता येतात.