मोठा झाल्यावर जाईल का?

(इंदूरमध्ये पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुमच्या चिठ्ठ्या आधीच हातात आल्या आहेत. बहुतेकांत एकच प्रश्न आहे, मोठा झाल्यावर हे जाईल ना? हे म्हणजे एडीएचडी, लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा, उतावळेपणा. त्याची लक्षणं वगैरे म्हणून आज सांगत बसत नाही.

या प्रश्नाचं एक उत्तर घरोघरी आजीकडे तयार असतं. "याचा बापही अस्साच होता, झाला की नाही इंजिनिअर?" आजीला उडवून लावू नका. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत तो ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. तेव्हा बाप तसा असूही शकतो. फक्त तो इंजिनिअर होईपर्यंत आणि झाल्यावरही कोणी काय काय निस्तरलं, ते सूनबाईंना विचारा. (हशा)

आता अभ्यास काय सांगतात ते बघू. अमेरिका आणि कॅनडात सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं घेऊन एक मोठा अभ्यास झाला. त्याचे पहिले निष्कर्ष १९९९ साली आले. त्यातल्या बहुतेक मुलांची पंचविशीपर्यंत पुन्हापुन्हा तपासणी होत राहिली. कायमची बरी झाली म्हणावीत अशी मुलं निघाली सुमारे ९ टक्के. सतत तेवढाच त्रास राहिलेली ११ टक्क्यांच्या आसपास. आणि जवळपास ६४ टक्के मुलांचं कधी कमी, कधी जास्त असं चाललं होतं. दोन वर्षं छान जायची आणि मग पुन्हा घसरण.

म्हणजे "गेलं की राहिलं" हा प्रश्नच इथे नीट लागू पडत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण पालक चांगला काळ आला की आधार काढून घेतो. बारावीला बरे मार्क पडले, आता औषध कशाला, डॉक्टर कशाला! मग मुलगा पुण्याला हॉस्टेलवर जातो. इथे आई सकाळी उठवत होती, डबा हातात देत होती, फी कधी भरायची ते बाबांच्या लक्षात होतं. तिथे यातलं काहीच नाही. पहिल्या सेमिस्टरला चार विषय राहतात आणि घरचे म्हणतात, संगत बिघडली. इथे इंदूरच्या भंवरकुआँ भागात खोली घेऊन परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांमध्येही हे बघते.

याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात एक गंमत आढळली. त्रास कमी असण्याचा काळ आणि जबाबदाऱ्या जास्त असण्याचा काळ बरेचदा एकत्र येत होते. जबाबदारीने माणूस सावरला, की सावरलेला होता म्हणून त्याने जबाबदारी घेतली? दोन्ही असावं, असं माझं मत. पण "याला काही सांगू नका, झेपणार नाही" हे धोरण मला पटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये लहानपणी निदान झालेल्या मुलग्यांना ३३ वर्षांनी, चाळिशीत गाठून केलेला अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यांचं शिक्षण इतरांपेक्षा सरासरी अडीच वर्षांनी कमी, कमाई कमी, घटस्फोट जास्त. पण बहुसंख्य जण नोकरी-धंदा करत होते. पहिला भाग ऐकून घाबरणारे पालक हे शेवटचं वाक्य ऐकतच नाहीत.

आता जरा कडू बोलते. डेन्मार्कमधल्या १९ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तर एडीएचडी असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट होतं आणि त्यात मोठा वाटा अपघातांचा. आपल्याकडे सोळाव्या वर्षी ॲक्टिव्हाची चावी हातात देतात आणि वर कौतुकानं सांगतात! स्वीडनच्या नोंदींत असं दिसलं, की औषध चालू असलेल्या महिन्यांत पुरुषांचे गंभीर वाहन-अपघात निम्म्याहून कमी होते. याचा अर्थ औषध आयुष्याची घडी बसवून देतं असा नाही. मघाच्या अमेरिकन अभ्यासात मुलांचे वेगवेगळ्या उपचारांचे गट केले होते; चौदा महिन्यांनी औषधाचा गट पुढे होता, तीन वर्षांनी हा फरक उरला नाही. पण गाडी चालवताना, परीक्षेच्या हॉलमध्ये, त्या त्या वेळी त्याचा उपयोग होतो. ते कधी घ्यायचं, कधी थांबवायचं हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, शेजारच्या काकूंशी नको.

मुलींचं राहिलंच. त्या वर्गात उड्या मारत नाहीत, खिडकीतून बाहेर बघत बसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत. माझ्याकडे मुलाला घेऊन आलेली आई प्रश्नावली भरता भरता थांबते आणि म्हणते, "मॅडम, हे तर माझंच चाललंय." अशा बायांसाठी एक कामाची गोष्ट. मोठेपणी निदान करताना लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे बघावंच लागतं. तेव्हा माहेरी जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर घेऊन या. मार्क कितीही असू द्या, मला खालचे शेरे वाचायचे असतात. "हुशार आहे, पण लक्ष नसते", "वह्या अपूर्ण", असं बाई दरवर्षी लिहीत असतील, तर तो पुरावा माझ्या प्रश्नावलीपेक्षा कमी नाही. आणि मुलांची प्रगतिपुस्तकंही रद्दीत देऊ नका, पुढे त्यांना लागतील.

चला, आता राहिलेल्या चिठ्ठ्या घेऊ.